लिनक्स पॅकेजांच्या दस्तऐवजांची मांडणी-दुरुस्ती

ओपन सोर्स लिनक्स प्रणालीतील पॅकेजासोबत (संगणकावर बसवण्यासाठी बांधलेल्या प्रोग्रामच्या संचासोबत) मॅन पेज (कमांडची माहिती देणारे पान), रीडमी (प्राथमिक माहितीची फाइल), बदलांची नोंद, पॅकेजाचे वर्णन आणि परवान्याची फाइल असे दस्तऐवज येतात. त्यांतील खुणा, रचना व लेखनपद्धती ठरलेल्या नियमांप्रमाणे नीट लावण्याचे काम म्हणजे मांडणी-दुरुस्ती. या कामात आशयाला हात लावायचा नसतो. परंतु खूण चुकली की कमांड चालत नाही, कधी एखादी ओळच पानावरून नाहीशी होते. त्यामुळे याला सजावटीचे काम समजून दुय्यम लेखणे बरोबर नाही. वापरणाऱ्याच्या दृष्टीने ते प्रोग्रामच्या दुरुस्तीइतकेच महत्त्वाचे आहे.

पूर्वपीठिका : या खुणांचे मूळ १९६४ च्या सुमारास एमआयटीमध्ये जेरोम सॉल्झर यांनी सीटीएसएस या संगणक प्रणालीसाठी लिहिलेल्या ‘रनऑफ’ प्रोग्रामात सापडते. ओळीच्या आरंभी टिंब असेल तर ती ओळ मजकुराची नसून मांडणीची सूचना समजावी, हा आजही पाळला जाणारा संकेत तेथलाच आहे. बेल लॅब्ज या अमेरिकी प्रयोगशाळेत या प्रोग्रामचे ‘रॉफ’ झाले. त्या रूपांतराचे श्रेय रॉबर्ट मॉरिस यांना किती आणि डग्लस मॅकिलरॉय यांना किती, याबाबत वेगवेगळ्या कथनांत मेळ नाही. दोघांचाही हात होता असे मानणे अधिक सुरक्षित दिसते. पुढे जो ओसाना यांनी ‘एनरॉफ’ व छपाईयंत्रासाठी ‘ट्रॉफ’ तयार केले. १९७७ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर ब्रायन कर्निघन यांनी ट्रॉफचे पुनर्लेखन केले. लिनक्सवर आज बहुधा चालतो तो जेम्स क्लार्क यांचा ‘ग्रॉफ’. त्याची पहिली आवृत्ती १९९० ची.

बेल लॅब्जमध्येच घडलेल्या युनिक्स या संगणक प्रणालीच्या पहिल्या प्रोग्रामर्स मॅन्युअलवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. केन टॉम्पसन व डेनिस रिची यांच्या या पुस्तिकेत प्रत्येक कमांडला स्वतंत्र नोंद आणि प्रत्येक नोंदीला नाव, वापराचा नमुना, वर्णन, संबंधित फाइली, ‘हेही पहा’ आणि ज्ञात दोष अशी ठरावीक शीर्षके आहेत. ही शीर्षकपद्धती सर्वस्वी बेल लॅब्जची, की सीटीएसएसच्या विभागवार पुस्तिकेची छाया तिच्यावर पडली, हा प्रश्न पूर्ण मिटलेला नाही. विभागांची कल्पना जुनी आणि एका नोंदीच्या आतील शीर्षके नवी, असे म्हणणे उपलब्ध प्रतींशी अधिक जुळते. ज्ञात दोषांसाठी स्वतंत्र शीर्षक ठेवणारी पुस्तिका त्या काळात लिहिली गेली, ही गोष्ट मुद्दाम नोंदवण्याजोगी आहे.

खुणांच्या पद्धती : सातव्या आवृत्तीच्या युनिक्सबरोबर (१९७९) ‘मॅन’ हा मॅक्रो-संच (तयार सूचनांचा गट) आला. पानाचे शीर्षक, विभाग, परिच्छेद, ठळक अक्षर, तिरपे अक्षर अशा त्याच्या खुणा दिसण्यापुरत्या आहेत. युनिक्सच्या बीएसडी या शाखेच्या परंपरेत सिंथिया लिव्हिंग्स्टन यांनी घडवलेला ‘एमडॉक’ संच अर्थाच्या खुणा देतो : हे कमांडचे नाव, हा ऑप्शन (कमांडचे वर्तन बदलणारा, रेघेने सुरू होणारा शब्द), हा वापरणाऱ्याने भरायचा शब्द. मुक्त सॉफ्टवेअरच्या ग्नू प्रकल्पाने टेक्सइन्फो या आपल्या पद्धतीला प्रमुख मानून मॅन पेजला दुय्यम स्थान दिले. त्यानंतर डॉकबुक (१९९१), पर्ल या प्रोग्रामिंग भाषेसोबतचे पॉड, आस्कीडॉक व रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट (दोन्ही साधारण २००२), जॉन ग्रुबर यांचे मार्कडाउन (२००४) अशी रांग लागली. फाइलींतील बदलांचा माग ठेवणाऱ्या गिटचे दस्तऐवज आस्कीडॉकमध्ये आहेत. लिनक्स कर्नलने (प्रणालीच्या गाभ्याने) २०१६ मध्ये ४.८ आवृत्तीपासून स्फिंक्स हे साधन व रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट स्वीकारले. मूळ काहीही असले तरी टर्मिनलवर (कमांड टाइप करण्याच्या खिडकीत) ‘मॅन’ कमांड देणाऱ्याला शेवटी ग्रॉफच्या खुणांतूनच मजकूर मिळतो, म्हणून दुरुस्तीचे बहुतेक अवघड प्रश्न तेथे येऊन थांबतात.

जोडरेघ आणि वजाचिन्ह : या विषयात सर्वाधिक वाद झाला तो एका आडव्या रेघेवरून. ट्रॉफच्या मूळ मजकुरात साधी रेघ लिहिली तर ती शब्द जोडणारी जोडरेघ असते. वजाचिन्ह हवे असेल तर तिच्या आधी उलटी तिरकी रेघ देऊन ‘\-’ असे लिहावे लागते. जुन्या टर्मिनलवर दोन्ही सारखीच उमटत, त्यामुळे हा भेद पाळला न गेल्याचे वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात आले नाही. युनिकोड (प्रत्येक अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणारी पद्धत) आल्यावर मात्र ग्रॉफ साध्या रेघेसाठी यू+२०१० या क्रमांकाची खरी जोडरेघ उमटवू लागला, आणि कमांडला हवी असते ती यू+००२डी ही कळफलकावरची रेघ.

परिणाम जवळून पाहावा. मिरजेतील एखादा विद्यार्थी मॅन पेजमधून ऑप्शन उचलून टर्मिनलमध्ये चिकटवतो. डोळ्यांना रेघ तीच दिसते, पण प्रोग्राम तिला ऑप्शन न मानता फाइलीचे नाव समजतो आणि ‘अशी फाइल नाही’ असे उत्तर देतो. त्याच पानात तोच ऑप्शन शोधला तर तोही सापडत नाही. विद्यार्थी आपलेच काही चुकले असे धरून तीन-तीनदा टाइप करून पाहतो. चूक असते पान लिहिणाराच्या एका राहून गेलेल्या तिरक्या रेघेची.

हा त्रास टाळण्यासाठी मॅक्रो-संचात दोन्ही रेघा एकच मानण्याची सोय बराच काळ होती. जुलै २०२३ मध्ये आलेल्या ग्रॉफ १.२३.० आवृत्तीने ही सोय मूळ संचातून काढली आणि रेघ, अवतरणचिन्ह व उलटे अवतरणचिन्ह यांना ट्रॉफचा मूळ अर्थ परत दिला. डेबियन या लिनक्स वितरणाने मात्र आपल्या ‘मॅन.लोकल’ फाइलीत रेघेपुरते जुने रूपांतर कायम ठेवले. एका पक्षाचे म्हणणे असे की, चूक लपवली तर पाने कधीच सुधारणार नाहीत. दुसरा पक्ष म्हणतो की, वाचणाऱ्याने लेखकाच्या चुकीची किंमत मोजू नये. प्रस्तुत नोंदकाराला दुसऱ्या पक्षाची दया आणि पहिल्या पक्षाची शिस्त, दोन्ही हवीशी वाटतात : रूपांतर राहू द्यावे, पण हाताखालून जाणारे प्रत्येक पान ‘\-’ वापरून नीट करावे. एमडॉकमध्ये ऑप्शनची खूण रेघ स्वतःच उमटवते, त्यामुळे हा प्रश्न तेथे उद्भवतच नाही. अर्थाच्या खुणांचा पक्ष बळकट करणारा यासारखा दुसरा दाखला नाही.

इतर नेहमीचे दोष : ओळीच्या आरंभीच्या टिंबाचा उल्लेख वर आला आहे. परिच्छेद लिहिताना ‘.प्रोफाइल’ सारख्या टिंबाने सुरू होणाऱ्या फाइलीचे नाव नेमके ओळीच्या सुरुवातीला आले, तर ग्रॉफ तिला अनोळखी सूचना समजून आख्खी ओळ गिळतो. एरवी तो याची वाच्यताही करत नाही. इशारे मुद्दाम चालू करावे लागतात. त्या टिंबाआधी ‘\&’ ही शून्य रुंदीची खूण दिली की ओळ परत येते.

‘नाव’ या शीर्षकाखालचा मजकूर ठरावीक साच्यातच हवा : कमांडचे नाव, वजाचिन्ह, एका ओळीचे वर्णन. उदाहरणार्थ, सांगलीच्या बाजारातील हळदीचे सौदे टिपणारा ‘हळदनोंद’ नावाचा प्रोग्राम आहे असे धरू. त्याच्या पानात ‘हळदनोंद \- हळदीच्या सौद्यांची नोंद ठेवतो’ अशी एकच ओळ हवी. ‘अप्रोपो’ व ‘व्हॉटइज’ या कमांडी हीच ओळ वाचून शोध घेतात. तेथे रेघ नसेल तर प्रोग्राम संगणकावर असूनही शोधात येत नाही.

मजकुराची प्रत्येक नवी ओळ नव्या वाक्याने सुरू करावी आणि लांब वाक्य अर्थाच्या जागी तोडावे, असा सल्ला कर्निघन यांनी १९७४ मध्येच दिला होता. लिनक्स मॅन-पेजेस प्रकल्पाच्या शैलीपत्रकातही तो आहे. याचा लाभ पॅच (बदलांची फाइल) वाचताना कळतो, कारण एक वाक्य बदलले तर एकच ओळ बदललेली दिसते. उलट सर्व परिच्छेद सरळ रेषेत बसवण्यासाठी नव्याने ओळी पाडल्या तर शेकडो ओळी बदललेल्या दिसतात आणि खरा बदल त्यांत बुडतो. म्हणून मांडणीचा पॅच आणि आशयाचा पॅच वेगळे पाठवण्याची रीत आहे.

पॅकेजाचे नियम : डेबियनमध्ये मॅन पेजेस ‘/यूएसआर/शेअर/मॅन’ खाली आणि इतर दस्तऐवज ‘/यूएसआर/शेअर/डॉक’ खाली पॅकेजाच्या नावाने ठेवतात. पॅकेजाची माहिती देणाऱ्या ‘कंट्रोल’ फाइलीतील वर्णनाची पहिली ओळ ८० अक्षरांच्या आत असते. पुढच्या प्रत्येक ओळीआधी एक मोकळी जागा हवी, दोन मोकळ्या जागा दिल्या तर ती ओळ जशीच्या तशी छापली जाते, आणि रिकाम्या ओळीसाठी एक मोकळी जागा व टिंब लिहितात. तपासणीसाठी डेबियनमध्ये ‘लिंटियन’, फेडोरा या दुसऱ्या वितरणाच्या परंपरेत ‘आरपीएमलिंट’ आणि मॅन पेजसाठी ‘मॅनडॉक’चा लिंट (दोष शोधणारा) प्रकार वापरतात. दोष मूळ प्रकल्पात असेल तर पॅच अपस्ट्रीमकडे (त्या मूळ प्रकल्पाकडे) पाठवावा; पॅकेजातच गुपचूप दुरुस्ती केली तर प्रत्येक नव्या आवृत्तीला ती पुन्हा करावी लागते.

अनुवाद व देवनागरी : मराठीतील मॅन पेजेसची जागा ‘मॅन’ निर्देशिकेत ‘एमआर’ या भाषासंकेताच्या उपनिर्देशिकेत असते. अनुवादासाठी ‘पीओ४ए’ हे साधन मूळ पानाचे परिच्छेद वेगळे काढून अनुवादकाला देते. मूळ पानात केवळ एक शब्द ठळक केला तरी त्या परिच्छेदाचा अनुवाद ‘शंकास्पद’ ठरतो. पानाचा ८० टक्क्यांहून कमी भाग अनुवादित उरला तर पीओ४ए, वेगळी सूचना दिलेली नसल्यास, ते अनुवादित पानच तयार करत नाही. इंग्रजी पानावर चांगल्या हेतूने केलेली साफसफाई अशा रीतीने दुसऱ्या भाषेतील पान अदृश्य करू शकते. मोठी मांडणी-दुरुस्ती हाती घेण्यापूर्वी अनुवादकांना कळवणे म्हणूनच आवश्यक आहे.

मराठीपुरते दोन दोष विशेष सांगण्यासारखे आहेत. पहिला अर्ध्या र-चा. ‘दुसऱ्या’, ‘पायऱ्या’ या शब्दांतील डोळ्याच्या पापणीसारखा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : ‘ऱ’ला हलन्त देऊन, किंवा साध्या ‘र’ला हलन्त देऊन पुढे शून्य रुंदीचा जोडक घालून. हा जोडक डोळ्यांना दिसत नाही. ‘न दिसणारी निरुपयोगी अक्षरे’ काढून टाकणारी छोटी स्क्रिप्ट मांडणी-दुरुस्तीत सर्रास वापरतात; ती मराठी फाइलीवर चालवली की जोडक जातो आणि दुसऱ्या पद्धतीने लिहिलेल्या ‘पायऱ्या’ची ‘पायर्या’ होते. यावर उपाय म्हणजे आधी शब्द ‘ऱ’च्या पद्धतीने बदलून घ्यावेत, किंवा देवनागरी फाइली त्या स्क्रिप्टमधून वगळाव्यात.

दुसरा दोष संक्षेपांचा. ओळ टिंबाने संपली की ग्रॉफ तेथे वाक्य संपले असे धरतो आणि पुढे जादा मोकळी जागा सोडतो. पत्ता लिहिताना ‘वाई, जि.’ येथे ओळ तुटली आणि पुढच्या ओळीवर ‘सातारा’ आले, तर मधे विनाकारण खिंड पडते. टिंबानंतर ‘\&’ दिले की ती बुजते. ‘ता.’, ‘जि.’, ‘डॉ.’, ‘कै.’ असे टिंबाचे संक्षेप मराठीत पावलोपावली येत असल्याने हा नियम मराठी पान लिहिणाराने आधी शिकावा. याशिवाय टर्मिनलच्या समान रुंदीच्या चौकटींत जोडाक्षरे नीट बसत नाहीत. रकाने सरळ येण्यासाठी देवनागरी मजकूर तक्त्यात न घालता साध्या परिच्छेदात ठेवलेला बरा.

सांगली-सातारा परिसर : सांगलीच्या विश्रामबागेतील वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात (स्थापना १९४७) विद्यार्थ्यांचा वालचंद लिनक्स युजर्स ग्रुप काम करतो. कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० चे. अशा ठिकाणच्या नवशिक्या विद्यार्थ्याला मांडणी-दुरुस्ती हा ओपन सोर्समध्ये शिरण्याचा प्रामाणिक मार्ग आहे : फाइल साध्या मजकुराची, पॅच काही किलोबाइटांचा, संगणक जुना असला तरी चालतो. पान शेवटच्या ओळीपर्यंत वाचण्याची चिकाटी मात्र लागते.

सातारा जिल्ह्यातील वाईचा संबंध वेगळ्या नात्याने येतो. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम वाईतून उभे राहिले; पहिला खंड १९७६ चा. शेकडो लेखकांच्या नोंदी एका शीर्षकपद्धतीत, एका परिभाषेत आणि एका लेखननियमात आणणे हे तेथील संपादकीय काम आणि वर वर्णिलेले काम जातीने एकच आहे. विश्वकोशात एका नोंदीतून दुसरीकडे जाण्यासाठी बाणाची खूण वापरतात. मॅन पेजमध्ये तेच काम ‘हेही पहा’ हे शीर्षक करते. त्याखालची नावे आधी पुस्तिकेतील विभागाच्या क्रमांकाने व मग वर्णानुक्रमाने लावतात, मधे स्वल्पविराम देतात आणि शेवटी पूर्णविराम देत नाहीत. कमांडींची नावे अनुवादित होत नसल्याने मराठी पानातही हा क्रम रोमन वर्णमालेचाच राहतो.

[⟶ ग्रॉफ, डेबियन, युनिकोड, युनिक्स]