सातारा-सांगलीतलं क्विअर (समलिंगी, पारलिंगी वगैरे व्यक्तींचं) समुपदेशन: मागचा इतिहास

समलिंगी संबंधांबद्दल मराठीत उघडपणे सल्ला देण्याची किंमत र. धों. कर्वे यांनी मोजली. १९२७ मध्ये सुरू केलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात ते वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरं देत. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांवरच्या उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. बचावाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, तरी दोनशे रुपये दंड झालाच. कर्वे पेशाने गणिताचे प्राध्यापक. कदाचित म्हणूनच पत्र लिहिणाऱ्याला त्यांनी रुग्ण मानलं नाही. त्या काळचं वैद्यक मात्र मानत होतं, आणि पुढची कित्येक दशकं मानत राहिलं.

अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९५२ साली मानसिक आजारांची पहिली सूची काढली, त्यात समलैंगिकता होती. एव्हलिन हूकर या मानसशास्त्रज्ञेने ३० समलिंगी आणि ३० भिन्नलिंगी पुरुषांच्या मानसिक चाचण्या घेतल्या आणि कोणाची कुठली हे न सांगता उत्तरपत्रिका तज्ज्ञांपुढे ठेवल्या. तज्ज्ञांना त्या वेगळ्या ओळखता आल्या नाहीत. १९५७ मध्ये हे छापून आलं, तरी सूचीतली नोंद निघायला डिसेंबर १९७३ उजाडलं. त्यावरही वाद इतका पेटला की १९७४ मध्ये संघटनेच्या सभासदांचं मतदान घ्यावं लागलं. सुमारे ५८ टक्के सभासद निर्णयाच्या बाजूने राहिले.

नोंद गेली खरी, पण एक फट राहिली. ज्याला स्वतःचं समलिंगी असणं खुपतं, त्याचं ते खुपणं हा आजार, अशी नवी नोंद १९८० मध्ये आली. अमेरिकेत ती १९८७ ला गेली. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी समलैंगिकता आपल्या सूचीतून काढली, पण त्याच सूचीत एफ ६६.१ या क्रमांकाखाली ही ‘खुपण्याची’ नोंद ठेवली. १ जानेवारी २०२२ ला अकरावी आवृत्ती लागू झाली तेव्हा कुठे ती गेली. म्हणजे आज चाळिशीच्या पुढे असलेले बहुतेक मानसोपचारतज्ज्ञ ही नोंद शिकूनच डॉक्टर झाले.

हे इतकं तपशिलात सांगायचं कारण एक वाक्य. कराडला असो की इस्लामपूरला, पहिल्या भेटीत ते हमखास ऐकू येतं: “मला हे नकोय, काहीतरी करून बदलून द्या.” जुन्या नोंदीप्रमाणे हे वाक्य म्हणजे उपचारांना मिळालेली संमती. भारतात त्यावर विजेचे सौम्य झटके, किळस आणणारी औषधं, कल्पनाचित्रं बदलण्याचे व्यायाम असं सगळं झालं, आणि ते मानसोपचाराच्या नियतकालिकांत ‘यशस्वी’ म्हणून छापूनही आलं. यश मोजायचं कसं? रुग्णालाच विचारून. डॉक्टरांपुढे, वडिलांच्या देखत बसलेला माणूस काय सांगणार! बदल शक्य असल्याचा दावा करणारा अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट स्पिट्झर यांचा २००१ चा गाजलेला अभ्यासही अशाच सांगण्यावर उभा होता. २०१२ मध्ये स्पिट्झर यांनी स्वतः तो चुकीचा ठरवून माफी मागितली. अशा उपचारांनी आकर्षण बदलत नाही. शरम, नैराश्य आणि डॉक्टरांवरचा अविश्वास मात्र वाढतो.

अफर्मेटिव्ह समुपदेशन, म्हणजे माणसाचा कल बदलू न पाहता तो स्वीकारून केलेलं समुपदेशन, “मला हे नकोय” हेच वाक्य दुसऱ्या बाजूने वाचतं. ॲलन मॅलियन यांनी १९८२ मध्ये या पद्धतीची मांडणी केली. इलन मेयर यांनी १९९५ आणि २००३ मध्ये अल्पसंख्याक असण्यातून येणाऱ्या ताणाची फोड केली: प्रत्यक्ष भेदभाव, तो होईल ही सततची धास्ती, लपवालपवी, आणि समाजाची घृणा स्वतःच्याच मनात मुरणं. मग “मला हे नकोय” ऐकल्यावर विचारायचं ते असं: नको असं कधीपासून वाटतंय? आत्ताच का आलात? कोणी मुदत दिली आहे का? आपल्याकडे ही मुदत पंचांगात सापडते. तुळशीचं लग्न लागलं की स्थळं दाखवणं सुरू होतं, धाकट्या बहिणीचं लग्न याच्यामुळे अडलेलं असतं, आणि ‘दोनाचे चार हात’ झाले की सगळं सुरळीत होईल याबद्दल घरात कोणाला शंका नसते.

पण या दोन जिल्ह्यांना पाठ्यपुस्तकाबाहेरचाही इतिहास आहे. मिरज, जत या पट्ट्यात बायकी वळणाच्या मुलाला सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडण्याची, जोगता करण्याची रीत जुनी. त्या रीतीने जागा दिली, मानही दिला, पण शिक्षण, कमाई आणि जोडीदार यांची वाट बऱ्याचदा बंद केली. समोरचा जोगता ‘अंगात देवी आहे’ म्हणाला की भ्रमाचं निदान करून मोकळं होणारा डॉक्टर आणि ‘हे तर ट्रान्सजेंडरच’ म्हणून शिक्का मारणारा समुपदेशक, दोघेही घाई करतात. त्याच्या समाजात मान्य असलेली श्रद्धा एवढ्यावरून मनोविकार ठरत नाही. आणि स्वतःला काय म्हणायचं हे ज्याने त्याने ठरवायचं.

दुसरी वाट देवऋष्याची. मुलगी बाईवर प्रेम करते म्हणजे बाधा झाली, मग कोंडा, मारा, धूर द्या. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्यासाठी आयुष्य वेचलं तो जादूटोणाविरोधी कायदा त्यांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोरीने वा साखळीने बांधणं, काठीने मारणं हे त्याच्या अनुसूचीत पहिल्याच कलमात आहे. क्विअर व्यक्तींच्या बाबतीत तो फारसा कोणाला आठवत नाही, आठवायला हवा.

तिसरा धागा एचआयव्हीचा. सांगलीत संग्राम संस्था १९९२ पासून काम करते आहे. सेक्सवर्कर महिलांच्या संघटनेबरोबर पुरुष आणि तृतीयपंथी सेक्सवर्करांचा ‘मुस्कान’ हा गटही तिथेच उभा राहिला. पुण्यात समपथिक ट्रस्ट २००२ मध्ये सुरू झाला. सरकारी पैसा आला तो एड्स नियंत्रणाचा, त्यामुळे सेवा म्हणजे कंडोम, रक्ततपासणी आणि गटातल्याच माणसांनी दिलेला आधार. त्या आधारानेच अनेकांना तगवलं. पण नैराश्य, नाती, घरातली मारहाण यांसाठी त्या चौकटीत रकाना नव्हता. समलिंगी स्त्रिया आणि पारलिंगी पुरुष (जन्मतः मुलगी ठरवलेले, पण स्वतःला पुरुष मानणारे) तर ‘जोखमीच्या गटात’ नसल्यामुळे कुठेच मोजले गेले नाहीत. आजही समुपदेशनाला सर्वांत उशिरा पोचतात ते हेच.

कायद्याचा प्रवास ठाऊक आहे: सज्ञानांचे संमतीचे समलिंगी संबंध दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ ला गुन्ह्यातून वगळले, सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१३ ला तो निर्णय उलटवला, तृतीयपंथी व्यक्तींच्या ओळखीला मान्यता देणारा नालसा निकाल १५ एप्रिल २०१४ ला आला, आणि अखेर ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानेच ते संबंध गुन्हा नसल्याचं ठरवलं. समुपदेशकाच्या टेबलावर मात्र याहून जास्त उपयोगी पडतो तो मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७. कलम ३ सांगतं की समाजाच्या नैतिक वा सांस्कृतिक मूल्यांशी न जुळणं यावरून मानसिक आजार ठरवता येणार नाही. कलम १८ लैंगिक कलावरून सेवेत भेदभाव करायला मनाई करतं, कलम २३ गोपनीयता देतं. सज्ञान मुलाच्या भेटीत काय बोलणं झालं, हे फी भरली म्हणून वडिलांना सांगता येत नाही.

मद्रास उच्च न्यायालयाचे न्या. आनंद व्यंकटेश यांनी ७ जून २०२१ च्या आदेशात कल बदलण्याच्या उपचारांना मनाई केली. त्याआधी त्यांनी स्वतः मानसशास्त्रज्ञाबरोबर सत्र घेतलं होतं. त्यानंतर राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑगस्ट २०२२ मध्ये असे उपचार म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन, असं राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवलं. डॉक्टरविरुद्ध तक्रार महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे होते. पण आयोगाचा हा अधिकार डॉक्टरांपुरता. पदविका घेऊन पाटी लावलेला समुपदेशक, आश्रमातला ‘गुरुजी’ किंवा संमोहनवाला त्यात येत नाही, आणि फसवणूक आज तिथेच जास्त आहे.

प्रत्यक्ष सत्रात काय बदलतं? सातारा-सांगलीत माणूस एकटा क्वचितच येतो. आई किंवा भाऊ बरोबर असतो. म्हणून पहिल्या भेटीतली १५-२० मिनिटं एकट्याशी बोलायचं, हा अपवाद न ठेवता सगळ्याच रुग्णांसाठी नियम करायचा, म्हणजे कोणाला वेगळा संशय येत नाही. पुढच्या भेटीची आठवण कोणत्या नंबरवर, कोणत्या वेळी द्यायची हे विचारून लिहायचं. घरचा फोन सगळे उचलतात. केसपेपरवर रुग्णाच्या परवानगीशिवाय ओळख लिहायची नाही, कारण तो कागद घरी कपाटात जातो. ‘पती/पत्नीचे नाव’ ऐवजी ‘जोडीदार’.

चुका दोन्हीकडून होतात. जुन्या वळणाचा माणूस प्रत्येक दुखण्याचं मूळ समलैंगिकतेत शोधतो. नव्या उत्साहाचा माणूस घरी सांगून टाकायला ढकलतो. जो शेतीवर, बापाच्या घरात, बापाच्या पैशावर जगतो त्याने आधी राहायची जागा, स्वतःचं बँक खातं आणि कागदपत्रं हाताशी असल्याची खात्री करायची, सांगायचं की नाही हे नंतर. आणखी एक घोळ: ‘मी समलिंगी तर नाही ना’ ही शंका दिवसभर छळते, माणूस स्वतःला पुन्हा पुन्हा तपासत बसतो, पण प्रत्यक्ष आकर्षण नसतं. तो मंत्रचळ (ओसीडी) असू शकतो. त्याला ‘तुम्ही जसे आहात तसे छान’ म्हणून धीर दिल्याने चक्र वाढतं. त्याचे उपचार वेगळे.

जोडप्यांबाबत संशोधन उशिरा आलं. गॉटमन आणि लेव्हन्सन यांनी २१ समलिंगी पुरुष आणि २१ समलिंगी स्त्री जोडप्यांचा बारा वर्षं अभ्यास करून २००३ मध्ये निष्कर्ष मांडले. भांडताना ही जोडपी भिन्नलिंगी जोडप्यांपेक्षा कमी वरचढपणा आणि जास्त विनोद वापरत होती. आपल्याकडे भांडण पेटतं ते बहुधा एकाने घरी सांगितलंय आणि दुसऱ्याने नाही यावरून. गावच्या जत्रेला जोडीदाराला ‘रूममेट’ म्हणून नेलं जातं आणि तो अपमान आठवडाभर धुमसतो. एकत्र सत्र घेण्याआधी दोघांशी वेगवेगळं बोलणं आवश्यक, कारण ‘तुझ्या घरी सांगेन’ ही धमकी हिंसाच आहे आणि ती समोरासमोर कोणी सांगत नाही. लग्न झालेला समलिंगी पुरुष आला तर त्याच्या बायकोलाही माहितीचा आणि स्वतंत्र समुपदेशकाचा हक्क आहे. ते लग्न टिकवणं किंवा मोडणं हे आपलं काम नाही.

समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी नकार दिला, त्यामुळे जोडीदार कायद्याने परकाच राहतो. जे करता येतं ते सत्रातच करून घ्यावं. मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे सज्ञान व्यक्ती साध्या कागदावर, सही किंवा अंगठा देऊन मानसिक उपचारांच्या निर्णयांसाठी आपला प्रतिनिधी नेमू शकते. तो नातेवाईकच हवा असं नाही. त्याने सज्ञान आणि ही जबाबदारी पेलण्यास सक्षम असावं आणि लेखी संमती द्यावी, एवढं पुरतं. असा कागद नसेल तर हे प्रतिनिधित्व आधी नातेवाईकांकडे जातं, म्हणजे ज्यांच्यापासून पळून माणूस पुण्याला गेला त्यांच्याचकडे. संयुक्त बँक खातं उघडायला आणि जोडीदाराला खात्याचा नॉमिनी म्हणून नेमायला आडकाठी नाही, हे केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. शाखेतला कारकून नाही म्हणाला तर त्या पत्राची प्रत पुढे करावी. आणि घरच्यांनी बेपत्ता असल्याची तक्रार देऊन प्रकरण न्यायालयात नेलं, तर सज्ञान व्यक्तीला कल बदलण्यासाठी समुपदेशनाला पाठवता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ मार्च २०२४ च्या देवू नायर निकालात बजावलं आहे. अशा व्यक्तीला समुपदेशकाकडे आणलंच, तर तिची स्वतःची संमती आहे का हे एकटीला विचारावं, आणि नसेल तर सत्र घेतलं नाही एवढीच लेखी नोंद करावी.