गुडघ्याच्या अस्थिबंधांचे स्नायूंकडून होणारे संरक्षण

गुडघ्याची हाडे बांधून ठेवणाऱ्या चार प्रमुख अस्थिबंधांवर, म्हणजे रोजच्या बोलण्यातील लिगामेंटवर, येणारा ताण गुडघ्याभोवतीचे स्नायू वाटून घेतात. मांडीमागचे हॅमस्ट्रिंग स्नायू नडगीला मागे ओढत असल्याने, नडगी पुढे सरकू न देणाऱ्या पुढच्या स्वस्तिक अस्थिबंधाचा (एसीएल) भार हलका होतो. मांडीच्या पुढील क्वाड्रिसेप्स स्नायूंचा परिणाम मात्र गुडघ्याच्या कोनानुसार बदलतो: गुडघा जवळजवळ सरळ असताना ते नडगी पुढे खेचून हाच बंध ताणतात, तर गुडघा बराच वाकल्यावर त्यांची ओढ मागे वळते. सरळ गुडघ्यात हॅमस्ट्रिंगची ओढही नडगीला जवळपास समांतर होऊन दुबळी पडते. नितंबाचे स्नायू मांडीला आत कलू देत नाहीत.

कोकणात हे कबड्डीच्या मैदानावर स्पष्ट दिसते. चढाई करणारा खेळाडू मध्यरेषेकडे परतताना एक पाय मातीत रोवून अंग वळवतो. त्या क्षणी गुडघा ताठ असेल आणि आत झुकला असेल, तर कोणाचा धक्का न लागताही बंध तुटू शकतो. पावसाळ्यात शेवाळलेल्या जांभ्याच्या पाखाडीवरून उतरताना पाय घसरून गुडघा पिळवटला, तरीही हाच धोका संभवतो.

हे संरक्षण नेमके कसे सुरू होते, यावर मतभेद आहेत. बंधातील चेतातंतूंना ताण जाणवताच स्नायू प्रतिक्षेपाने, म्हणजे आपोआप होणाऱ्या प्रतिक्रियेने, आकुंचन पावतात, ही कल्पना निदान १९३८ इतकी जुनी असून त्या वर्षी स्वीडिश शल्यचिकित्सक पाल्मर यांनी ती मांडलेली आढळते. १९८७ मध्ये संशोधक सोलोमोनोव व सहकाऱ्यांनी एसीएल ताणल्यावर हॅमस्ट्रिंग सक्रिय होत असल्याचे दाखवले. परंतु दुखापतींच्या चित्रफितींवरून बंध पाय टेकल्यानंतर सुमारे ४० मिलिसेकंदांत तुटत असावा असा अंदाज आहे, आणि प्रतिक्षेपातून पुरेसे बळ निर्माण होण्यास त्याहून अधिक वेळ लागतो. त्यामुळे पाय टेकण्याआधीच, सरावाने अंगवळणी पडलेले आकुंचन महत्त्वाचे मानणारे मत अधिक ग्राह्य वाटते. प्रतिक्षेपाचा वाटा पुढील हालचाली सुधारण्यात असू शकेल.

म्हणूनच प्रतिबंधक सरावात केवळ ताकद वाढवून भागत नाही. उडी मारून गुडघे वाकवत उतरणे, गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत ठेवणे आणि वेगात असताना दिशा बदलणे हेही घोटवून घ्यावे लागते. हॅमस्ट्रिंगसाठी ‘नॉर्डिक’ व्यायाम करतात. खेळाडू गुडघे टेकून ताठ राहतो, साथीदार त्याचे घोटे दाबून धरतो आणि खेळाडू अंग कंबरेत न मोडता शक्य तितक्या सावकाश पुढे झुकतो. यासाठी कोणतेही साधन लागत नसल्याने गावातील मातीच्या मैदानावरही तो सहज करता येतो.