आल्टाउसे मिठाची खाण

आल्टाउसे मिठाची खाण : ऑस्ट्रियाच्या श्टायरमार्क प्रांतातील सैंधवाची खाण. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस नाझी राजवटीने लुटलेल्या कलावस्तूंचे हे सर्वांत मोठ्या कोठारांपैकी एक होते. १९४५ च्या मे महिन्यात त्या कलावस्तू उद्ध्वस्त होता होता वाचल्या आणि पुढे मूळ देशांना परत गेल्या, यामुळे या खाणीला कलेतिहासात स्थान मिळाले.

येथील मीठ-उत्पादनाचे उल्लेख बाराव्या शतकापासून मिळतात (सामान्यतः ११४७ हे वर्ष दिले जाते). कोकणातल्या मिठागरांप्रमाणे येथे पाणी आटवून मीठ पिकवले जात नाही. ते मातीमिश्रित खडकातच असते. खडकात पोकळी कोरून तीत पाणी सोडतात, मीठ विरघळले की खारे पाणी नळांवाटे बाहेर नेतात. वापरून झालेल्या अशा पोकळ्यांची प्रशस्त दालने मागे राहतात. डोंगराच्या पोटात तापमान वर्षभर सुमारे ४ ते ८ अंश सेल्सिअस राहते आणि हवेतील जादा ओलावा मीठ शोषून घेते. बोगदा आडवा असल्याने अरुंद रुळांवरच्या गाड्यांतून माल थेट आत नेता येई. कॅनव्हास आणि लाकडी फळ्यांवरील चित्रांना अशी जागा मानवते.

१९४३ मध्ये प्रथम ऑस्ट्रियातील वस्तुसंग्रहालये आणि चर्चे यांच्या वस्तू बाँबहल्ल्यांच्या भीतीने येथे आणल्या गेल्या. १९४४ पासून हिटलरच्या लिंझ (ऑस्ट्रिया) येथील नियोजित संग्रहालयासाठी जमवलेला संग्रह येऊ लागला. त्यात ज्यू कुटुंबांकडून जप्त केलेल्या, दडपणाखाली विकत घेतलेल्या आणि व्यापलेल्या देशांतून उचललेल्या वस्तू होत्या. खाणीच्या सुतारांनी दालनांत लाकडी फडताळे उभारली. जर्मन कागदपत्रांवरून अमेरिकन अधिकाऱ्यांनी केलेल्या यादीत ६,५७७ चित्रे, १३७ शिल्पे, १२२ चित्रजवनिका (भिंतीवर लावायची विणलेली चित्रे) आणि ग्रंथांच्या शेकडो पेट्या आहेत. २८३ पेट्यांत काय आहे हे त्या वेळी कोणालाच माहीत नव्हते. डच चित्रकार व्हर्मेरची दोन चित्रे, मायकेलअँजेलोचे बेल्जियममधील ब्रूज येथील माता-बालक शिल्प (सप्टेंबर १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मनांनी ते गाद्यांत गुंडाळून रेडक्रॉसच्या ट्रकमधून पळवले होते) आणि पंधराव्या शतकातील चित्रकार यान व्हान आयिकच्या नावाशी निगडित, बेल्जियममधील घेंटच्या चर्चचे वेदीचित्र (वेदीमागे लावलेल्या चित्रफळ्यांचा संच) ही त्यांतील सर्वांत प्रसिद्ध.

विध्वंसाचा बेत : १९ मार्च १९४५ रोजी हिटलरने शत्रूच्या उपयोगी पडेल असे सर्व काही नष्ट करण्याचा हुकूम काढला. तो हुकूम कलावस्तूंना लागू होता का, याविषयी मतभेद आहेत. २९ एप्रिलच्या मृत्युपत्रात हिटलरने आपली चित्रे लिंझच्या संग्रहालयासाठी असल्याचे म्हटले आहे. हिटलरचा सचिव बोरमान याच्या कचेरीतूनही वस्तू शत्रूच्या हाती पडू द्यायच्या नाहीत, पण नष्टही करायच्या नाहीत, असा निरोप खाणीपर्यंत आला होता. तेव्हा विध्वंसाचा आग्रह बर्लिनपेक्षा ओबरडोनाऊचा (नाझी काळात आल्टाउसे याच प्रांतात होते) प्रांतप्रमुख आउगुस्ट आयग्रूबर याचा होता, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. त्याच्या आदेशाने १० आणि १३ एप्रिलला एकूण आठ जड पेट्या खाणीत आणण्यात आल्या. वर ‘सावधान, संगमरवर’ असे लिहिलेले होते. आत विमानातून टाकायचे बाँब होते, बहुतेक वृत्तांतांनुसार प्रत्येकी ५०० किग्रॅ. वजनाचे.

खाणीचा संचालक एमेरिख प्योखम्युलर याने २८ एप्रिलला अभियंता ओटो ह्योग्लर याला पेट्या बाहेर काढण्याचा लेखी आदेश दिला. आयग्रूबरच्या माणसांना याचा सुगावा लागताच पहारा बसला. ३ मे रोजी आलोइस राउडाश्ल या खाणकामगाराने त्या भागात आलेल्या एर्न्स्ट काल्टेनब्रुनर या नाझींच्या एसएस दलातील वरिष्ठ अधिकाऱ्याशी संपर्क साधला आणि त्याच्याकडून पेट्या हलवण्याची संमती मिळवली. त्याच रात्री कामगारांनी पेट्या बाहेर आणल्या. ५ मे रोजी त्यांनी खाणीच्या तोंडाशी मोजूनमापून सुरुंग उडवले. आतील दालनांना धक्का न लावता वाटा तेवढ्या बुजवायच्या होत्या, म्हणजे कोणालाही पुन्हा आत जाता येऊ नये. ८ मे रोजी अमेरिकन तुकडी आल्टाउसेत पोहोचली.

श्रेयाचा वाद : कलाकोठार कोणी वाचवले, या प्रश्नाची उत्तरे युद्ध संपताच अनेक झाली. व्हिएन्नाच्या निसर्गेतिहास संग्रहालयातील खनिजशास्त्रज्ञ हेर्मान मिखेल याने अमेरिकनांसमोर हे काम आपले असल्याचे सांगितले. १९४६ च्या एका ऑस्ट्रियन सरकारी प्रकाशनाने श्रेय ऑस्ट्रियन प्रतिकार चळवळीला दिले. एप्रिल १९४५ मध्ये ब्रिटिशांनी विमानातून उतरवलेला आल्ब्रेख्ट गाइसविंक्लर आणि त्याचे साथीदार यांनीही तोच दावा केला. गाइसविंक्लर पुढे ऑस्ट्रियन संसदेचा सदस्य झाला. प्योखम्युलरने १९४८ मध्ये आपली हकीकत छापली, पण तो नाझी काळातला अधिकारी असल्यामुळे तिच्याकडे संशयाने पाहिले गेले. १९८० च्या दशकात एर्न्स्ट कूबिन या ऑस्ट्रियन संशोधकाने मूळ कागदपत्रे तपासून श्रेयाचा मोठा वाटा प्योखम्युलर, ह्योग्लर आणि कामगारांना दिला. २८ एप्रिलचा लेखी आदेश घटनेच्या वेळचाच आहे. इतरांचे दावे बहुतांशी नंतर सांगितलेले आहेत. म्हणून कूबिनचे मत ग्राह्य धरणे योग्य. काल्टेनब्रुनरची संमती निर्णायक ठरली हे खरे, पण ज्यू संहारातील प्रमुख गुन्हेगारांपैकी एक असलेल्या त्या माणसाच्या खाती यामुळे पुण्य जमा होत नाही. न्यूरेंबर्गच्या युद्धगुन्हे खटल्यातील निकालानुसार त्याला १९४६ मध्ये फाशी झाली. कामगारांच्या प्रेरणेविषयी एक गोष्ट विसरता कामा नये. खाण गेली असती तर चित्रांबरोबर त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची रोजीरोटीही गेली असती. या दोन कारणांत एक थोर आणि दुसरे क्षुद्र असा भेद करणे त्यांच्यावर अन्याय करणारे होईल.

परतपाठवणी : मित्रराष्ट्रांच्या सैन्यात वास्तू, कलावस्तू आणि पुराभिलेख यांच्या रक्षणासाठी एक लहान विभाग होता. त्यातील रॉबर्ट पोझी आणि लिंकन कर्स्टीन यांना आल्टाउसेचा पत्ता जर्मनीतील ट्रिअर येथे लागला, तोही पोझीच्या दातदुखीमुळे. ज्या दंतवैद्याकडे तो गेला, त्याचा जावई हेर्मान बुन्येस हा पॅरिसमधील कलालुटीत सामील असलेला अभ्यासक होता आणि त्याने माहिती दिली. खाणीत पोहोचल्यावर बुजलेल्या वाटा पुन्हा त्याच कामगारांच्या मदतीने मोकळ्या करण्यात आल्या. हा भाग सोव्हिएत ताब्यात जाईल अशी धास्ती असल्याने जॉर्ज स्टाउट याच्या देखरेखीखाली जून १९४५ पासून घाईने बांधाबांध सुरू झाली. वेष्टनासाठी मेंढीच्या कातड्याचे लष्करी कोटही वापरले गेले. ट्रक म्यूनिकला जात. तेथील नाझी पक्षाच्या इमारतींतच कलावस्तूंचे मध्यवर्ती संकलन केंद्र उघडले होते.

घेंटचे वेदीचित्र २१ ऑगस्ट १९४५ रोजी विमानाने ब्रसेल्सला पोहोचले. बेल्जियमने १९४० मध्ये ते सुरक्षिततेसाठी फ्रान्समधील पो येथे ठेवले होते. १९४२ मध्ये फ्रान्सच्या जर्मनधार्जिण्या व्हिशी सरकारने ते जर्मनांच्या हवाली केले. त्याची ‘न्यायी न्यायाधीश’ ही फळी मात्र १९३४ मध्येच चोरीस गेली असून ती अद्याप सापडलेली नाही. तिच्या जागी प्रतिकृती आहे.

संकलन केंद्रातून वस्तू व्यक्तींना दिल्या जात नसत. ज्या देशातून आणल्या त्या देशाच्या सरकारकडे सोपवल्या जात आणि मालक शोधण्याचे काम त्या सरकारचे असे. राज्यांमधील व्यवहार म्हणून ही पद्धत सुटसुटीत होती. पण ज्या कुटुंबांतले कोणी मागे उरलेच नव्हते, त्यांच्या वस्तू सरकारांकडेच राहिल्या. फ्रान्समध्ये परत आलेल्या सुमारे ६१,००० वस्तूंपैकी सुमारे ४५,००० मालकांना मिळाल्या. उरलेल्यांपैकी बऱ्याच विकल्या गेल्या आणि दोन हजारांहून अधिक वस्तू आजही राष्ट्रीय संग्रहालयांच्या स्वाधीन आहेत. ऑस्ट्रियाने बेवारस वस्तू माउअरबाख येथील मठात अनेक दशके ठेवल्या. अखेर १९९६ मध्ये त्यांचा लिलाव होऊन रक्कम नाझी अत्याचारपीडितांसाठी देण्यात आली. १९९८ मध्ये वॉशिंग्टन येथे ४४ देशांनी मान्य केलेली, नाझींनी लुटलेल्या कलावस्तूंच्या परतीविषयीची तत्त्वे बंधनकारक नाहीत; त्याच वर्षी ऑस्ट्रियाने केलेला कलापरतीचा कायदा त्या मानाने अधिक ठोस आहे.

खाणीतील दोन व्हर्मेरचित्रांची वाटचाल भिन्न झाली. रोथशिल्ड कुटुंबाकडून जप्त केलेले खगोलशास्त्रज्ञाचे चित्र त्या कुटुंबाला परत मिळाले आणि १९८० च्या दशकात लूव्र संग्रहालयात आले. चित्रकलेचे रूपक मानले जाणारे दुसरे चित्र चेर्निन कुटुंबाने १९४० मध्ये हिटलरला विकले होते. ती विक्री सक्तीची होती असा वारसांचा दावा ऑस्ट्रियाच्या सल्लागार मंडळाने २०११ मध्ये अमान्य केला. ते चित्र व्हिएन्नाच्या कलेतिहास संग्रहालयात आहे.

खाणीतून अजूनही मीठ काढले जाते. चित्रे ठेवलेल्या दालनांपैकी काही पर्यटकांसाठी खुली आहेत.