लिंबूवर्गीय फळांची निर्यात आणि उष्ण बाष्प प्रक्रिया: नाशिकच्या बागायतदाराने कागदपत्रांची सुरुवात कुठून करावी?

फळमाशी सालीखाली अंडी घालते, त्यामुळे वरून देखण्या मोसंबीतही अळी निघू शकते. तोडलेले फळ बंद खोलीत दमट गरम हवेत ठेवून ही अंडी-अळ्या मारणे म्हणजे उष्ण बाष्प प्रक्रिया. यात खोलीचे नव्हे, गराचे तापमान धरतात; मोठ्या फळांच्या मध्यापर्यंत सेन्सर टोचलेले असतात. जपानला जाणाऱ्या आपल्या आंब्यासाठी ४७.५ अंश सेल्सिअस आणि २० मिनिटे ठरलेली आहेत. तोच आकडा लिंबाला लावू नका. फळ, कीड आणि देश बदलला की तो बदलतो.

म्हणून अर्जाआधी एवढे विचाराच: माल जिथे पाठवायचा तो देश भारतातून हे फळ घेतो का, आणि कोणती प्रक्रिया मान्य करतो? उत्तर अपेडा (शेतमाल निर्यातीची केंद्र सरकारी संस्था) किंवा वनस्पती संगरोध केंद्राकडून (आयात-निर्यातीच्या मालाची कीड-रोग तपासणी करणारे सरकारी केंद्र) घ्या. त्या देशाने शीत प्रक्रिया (फळ थंडीत ठेवून कीड मारणे) मागितली असेल, तर उष्ण प्रक्रियेचा दाखला काहीच कामाचा नाही.

मग बागेची नोंदणी. निर्यातीच्या बागांची अपेडाची ऑनलाइन नोंद म्हणून द्राक्षवाल्यांना ग्रेपनेट पाठ आहे, तसेच इथे सिट्रसनेट. कृषी विभागाकडे अर्जासोबत सातबारा, आठ-अ, आधार आणि बागेचा नकाशा द्यावा. सातबाऱ्यावर पीक पाहणीत लिंबू किंवा मोसंबीची नोंद आहे ना, हे आधी बघा; नसेल तर ई-पीक पाहणी ॲपवर ती आधी करून घ्या. फवारणीची वही रोजच्या रोज भरा आणि फळमाशीचे सापळे लावा, कारण प्रक्रिया कीड मारते, किडलेले फळ चांगले करत नाही.

आयात-निर्यात कोड आणि अपेडाची नोंदणी निर्यातदाराला लागते. माल त्याच्यामार्फत जात असेल तर ती तुम्ही काढायची गरज नाही.

लासलगावचे ‘कृषक’ केंद्र जवळ आहे, पण तिथे गॅमा किरणांची प्रक्रिया होते, उष्णतेची नाही. उष्ण बाष्प प्रक्रियेची सोय पणन मंडळाच्या वाशीतील केंद्रात आहे. आपले फळ आणि माल जाणार तो देश, दोन्हींसाठी केंद्राला मान्यता आहे का, हे गाडी भरण्यापूर्वी विचारा.

शेवटी फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र, म्हणजे माल कीड-रोगमुक्त असल्याचा सरकारी दाखला. ऑनलाइन अर्जाला बीजक, पॅकिंग लिस्ट, प्रक्रियेचा दाखला आणि त्या देशाने मागितला असल्यास आयात परवाना जोडावा. तापमान व कालावधी प्रमाणपत्रावर लिहिला जातो. हे आकडे प्रक्रियेच्या दाखल्याशी आणि पेट्यांची संख्या पॅकिंग लिस्टशी तंतोतंत जुळली पाहिजे.