मायक्रोस्ट्रिप पॅच अँटेनाचे संख्यात्मक विश्लेषण

डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणाऱ्या) पाटीच्या वर तांब्याचा छोटा पॅच आणि पाठीला तांब्याचा सलग थर, एवढीच या अँटेनाची रचना. कल्पना १९५३ ची, अभियंते देशाँ यांची; प्रत्यक्ष वापर १९७० च्या दशकात सुरू झाला. पॅचच्या कडांवरून विद्युत क्षेत्र बाहेर सांडते, त्यामुळे मॅक्सवेलची (विद्युत-चुंबकीय क्षेत्रांची) समीकरणे हाताने नेमकी सुटत नाहीत; ती संगणकावर आकड्यांनी सोडवावी लागतात.

पहिला अंदाज मात्र ट्रान्समिशन लाइन मॉडेलने, म्हणजे पॅचला तरंग वाहून नेणारी तार मानून, कागदावरही निघतो. २.४५ गिगाहर्ट्झसाठी, १.६ मिमी जाडीच्या एफआर-४ पाटीवर (सर्किट बोर्डाची नेहमीची काचतंतूंची पाटी; डायइलेक्ट्रिक स्थिरांक, म्हणजे तरंग किती मंदावतो याचे माप, ४.४) पॅच सुमारे ३७.३ मिमी रुंद व २८.८ मिमी लांब येतो. पाटीचा खरा स्थिरांक ४.२ निघाला, तर वारंवारता साधारण ५० मेगाहर्ट्झने वर सरकते. पॅच ज्या वारंवारतांवर नीट चालतो तो पट्टा मुळातच अरुंद, म्हणून ही चूक महागात पडते.

विदर्भातल्या वावरात ओल मोजणाऱ्या यंत्रांसाठी भारतातला विनापरवाना ८६५–८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा सोयीचा आहे. अँटेना काळ्या मातीत पुरायची, तर खरा प्रश्न मातीचा असतो. अशा संख्यात्मक पद्धतींपैकी मोमेंट पद्धतीत (हॅरिंग्टन, १९६८) अज्ञात असतो तो फक्त धातूवरचा प्रवाह. मातीचे सपाट थर ग्रीनच्या फलनातच (एका बिंदूवरच्या प्रवाहाने सभोवती किती क्षेत्र तयार होते ते सांगणाऱ्या सूत्रात) सामावतात, त्यांची जाळी, म्हणजे लहान तुकड्यांत विभागणी, करावी लागत नाही. पावसाळ्यातल्या एकसंध ओल्या मातीला ही पद्धत फार चांगली. उन्हाळ्यात मात्र त्याच मातीला खोल भेगा पडतात आणि सलग थराचे गृहीतक मोडते.

तेव्हा एफडीटीडी (फायनाइट डिफरन्स टाइम डोमेन; यी, १९६६) ही पद्धत कामी येते. ही पद्धत अवकाशाचे चौकोनी घरांत तुकडे करते आणि क्षेत्र काळाच्या पावलांनी पुढे नेते. भेगा, पऱ्हाटीची मुळे, प्लास्टिकचा डबा, सगळे घरांत बसवता येते. त्याची किंमतही मोठी आहे. ओल्या मातीचा स्थिरांक २५ धरला, तर हवेतली ३५ सेंमीची तरंगलांबी ७ सेंमीवर येते. घरे तरंगलांबीच्या प्रमाणात लहान ठेवावी लागतात, म्हणून ती प्रत्येक दिशेने पाचपट बारीक, म्हणजे संख्येने १२५ पट होतात. काळाची पावलेही पाचपट वाढतात. म्हणून बारीक जाळी माती असेल तिथेच ठेवावी. फायनाइट एलिमेंट या तिसऱ्या पद्धतीत चौकोनी घरांऐवजी चतुष्फलकी (चार त्रिकोणी बाजूंचे) घटक असल्याने वक्र कडा अधिक नीट बसतात.

ओपनईएमएस हे मोफत एफडीटीडी सॉफ्टवेअर साध्या संगणकावरही चालते. जिल्ह्याच्या महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याने त्यापासूनच सुरुवात करावी. जाळी बारीक केल्यावर अनुनादाची वारंवारता (जिच्यावर अँटेना सर्वांत चांगली चालते ती) बदलत राहिली, तर उत्तर अजून स्थिरावलेले नाही. मातीचा स्थिरांक मात्र पुस्तकातून उचलू नये. त्याच वावरात, वैशाखात एकदा आणि श्रावणात एकदा, मोजून घ्यावा.