जास्त मेगापिक्सेल म्हणजे जास्त चांगला फोटो?

‘१०८ मेगापिक्सेलचा कॅमेरा १२ वाल्यापेक्षा नऊपट चांगला’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. खोक्यावर तोच आकडा ठळक असतो, त्यामुळे तसं वाटणं साहजिकच. पण दर्जा ठरतो तो सेन्सरचा (प्रकाश टिपणाऱ्या चिपचा) आकार, लेन्स आणि प्रोसेसिंग यांवर. बहुतेक १०८ वाले फोन नेहमीच्या मोडमध्ये सेन्सरवरचे शेजारचे ९ पिक्सेल (प्रकाश टिपणारे ठिपके) जोडून १२ मेगापिक्सेलचाच फोटो देतात, कारण एकेकट्या बारीक पिक्सेलला प्रकाश पुरत नाही.

गॅलरीत फोटोचे डिटेल्स उघडा: साधारण ४००० × ३००० दिसेल. मग रात्री मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर फोन टेकवून नेहमीच्या आणि १०८ मेगापिक्सेलच्या अशा दोन्ही मोडमध्ये तोच फोटो काढा आणि अंधारातले टेट्रापॉड (लाटा अडवणारे काँक्रीटचे ठोकळे) झूम करा. १०८ मध्ये सहसा दाणे जास्त दिसतात. भर उन्हात मात्र क्रॉप करायला तो मोड खरंच उपयोगी. फाइल तेवढी जड होते.