डिओडँड म्हणजे नुकसानभरपाई नव्हे

इंग्लंडमधल्या जुन्या रेल्वे, खाणी किंवा गिरण्यांतल्या अपघातांवर मराठीत काही वाचायला घेतलं की एक वाक्य हटकून भेटतं: ‘कोरोनरच्या ज्यूरीने मालकाला इतके पौंड भरपाई द्यायला लावली.’ घटना 1846 च्या आधीची असेल तर हे वाक्य साफ चूक आहे. कोरोनर म्हणजे अपघाती किंवा संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी; त्याच्या ज्यूरीला भरपाई द्यायला लावायचा अधिकारच नव्हता. ती रक्कम असते डिओडँडची, म्हणजे ज्या वस्तूने जीव घेतला तिच्या जप्तीची, आणि तिच्यातल्या एका पेनीवरही मृताच्या विधवेचा हक्क नसे.

भरपाई कशी ठरते ते आपल्याला माहीत आहे. वय काय, पगार किती, मागे कोण, यावरून आकडा काढायचा आणि तो वारसांना द्यायचा. यावर जास्त बोलायची गरज नाही.

डिओडँडमध्ये माणसाचा हिशोब कुणी मांडतच नसे. किंमत व्हायची ती वस्तूची. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये कुणी पाणचक्कीच्या चाकात सापडला, भरलेल्या गाडीखाली आला किंवा बीअरच्या उकळत्या काहिलीत पडला, की कोरोनर यायचा, आसपासच्या गावांतली माणसं ज्यूरी म्हणून जमवायचा आणि प्रेत समोर ठेवून चौकशी करायचा. मृत्यू कसा झाला हे ठरलं की पुढचा प्रश्न असे: जिने जीव घेतला ती वस्तू कोणती आणि तिचं मोल किती? ते मोल राजाला जायचं, किंवा राजाने ज्या सरदाराला तो हक्क देऊन टाकला असेल त्याला. पैसा धर्मादायासाठी, अशी मूळ कल्पना होती. कधीमधी तो मृताच्या घरीही पोचला, पण दान म्हणून.

वस्तूवर किती बारीक नजर असे, ते अठराव्या शतकातला कायदेपंडित ब्लॅकस्टोन याने इंग्लिश कायद्यावर केलेल्या विवेचनात दिसतं. गाडी उभी आहे आणि माणूस चाकावर चढताना पडून मेला, तर फक्त चाक जप्त. तीच गाडी चालती असताना चाक अंगावरून गेलं, तर सगळी गाडी जप्त, आतल्या मालासकट. कारण मालाच्या वजनाने चाकाचा दाब वाढला. माणूस तोच, त्याची बायकापोरं तीच, पण एकदा एका चाकाची किंमत आणि एकदा भरल्या गाडीची. ही भरपाई असती तर असा फरक पडलाच नसता. घोळ होतो तो नेमका इथे, आणि हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं आपोआप सुटतं.

म्हणूनच मला डिओडँडला ‘दंड’ म्हटलेलंही खटकतं. मालकाची चूक होती की नव्हती, तो तिथे हजर होता की नव्हता, याने जप्तीत काही फरक पडत नसे. आणि ‘जुने लोक अडाणी, गाडीलाच शिक्षा करायचे’ ही टिंगल तर थांबवावीच. ज्यूरीतली माणसं शेजारपाजारची असत. गाडी गेली तर गाडीवानाच्या घरची चूल विझेल हे त्यांना कळायचं, म्हणून ती किंमत मुद्दाम कमी सांगत.

रेल्वे आली आणि चित्र पालटलं. 24 डिसेंबर 1841 ला पहाटे रेडिंगजवळ सॉनिंग इथे टेकडी कापून काढलेल्या वाटेतून ‘हेक्ला’ इंजिनाची मालगाडी चालली होती. पावसाने रुळांवर माती घसरली होती, तिच्यावर गाडी आदळली. उघड्या डब्यांतून नाताळासाठी घरी निघालेले बांधकाम मजूर होते. नऊ जीव गेले. ज्यूरीने इंजिन आणि डब्यांवर 1000 पौंडांचा डिओडँड लावला. इथे ज्यूरीचा रोख कंपनीवर होता हे उघड आहे, पण कागदावर ती किंमत इंजिनाची आणि डब्यांचीच.

मग घरच्यांना दावा लावता येत नव्हता का? नाही. माणसाचा मृत्यू हे दिवाणी दाव्याचं कारण होऊ शकत नाही, असं 1808 च्या बेकर विरुद्ध बोल्टन खटल्यात ठरलं होतं. ऑगस्ट 1846 मध्ये लॉर्ड कॅम्पबेल यांच्या पुढाकाराने दोन कायदे झाले: एकाने डिओडँड बंद झाला, दुसऱ्याने पत्नी, पती, आईवडील, मुलं यांच्यासाठी दावा लावायची सोय झाली. दोन्ही एकाच महिन्यात आले, म्हणून डिओडँडचंच नाव बदलून भरपाई झाली असं लोक धरून चालतात. कामगारांच्या बाबतीत ही समजूत आणखीच चुकीची आहे. सोबतच्या कामगाराच्या चुकीसाठी मालक जबाबदार नाही, हा 1837 च्या प्रीस्टली विरुद्ध फाउलर खटल्यातून निघालेला नियम त्यांच्या आड येतच राहिला. 1880 ला तो थोडा सैल झाला, आणि चूक सिद्ध न करता भरपाई 1897 च्या कायद्याने मिळू लागली, तीही सुरुवातीला ठरावीक धंद्यांतच.

आपल्याकडे वारसांच्या दाव्याचा कायदा 1855 चा, कामगार भरपाईचा 1923 चा. मुंबईच्या कोरोनरसाठी 1871 चा वेगळा कायदा होता आणि ते पद 1999 पर्यंत टिकलं. गिरणीत माणूस दगावला तर तो कसा गेला हे कोरोनर ठरवायचा. पैशासाठी वारसांना भरपाई आयुक्तांकडे वेगळा अर्ज करावा लागे.